एकतिसावा पत्ता

चोशी बंदरामागं बांगड्याचे डबे भरणारा कारखाना.
ओबोनचे तीन दिवस बंद.
शीतगृह तेवढं गुरगुरत होतं,
आणि आम्ही दोघं: इसोगाईसान, वय एकसष्ट,
आणि मी, जिचं नाव अजून त्यांना
हाक मारायच्या वेळी आठवत नसे.

काम काय, तर तारा काढायच्या.
प्रत्येक सेन्सरच्या दोन, कुठं तीन,
प्रत्येक झडपेच्या आणखी दोन,
छत्तीस वर्षांत पॅनेलपर्यंत ओढलेल्या
अकराशे चाळीस तारा,
मनगटाएवढ्या, पुढं मांडीएवढ्या जुड्या.
त्यांच्या जागी एकच चपटी केबल, बोटभर रुंद, चार पदरी:
दोन पदर विजेचे, दोन बोलण्याचे.
हवं तिथं कनेक्टर दाबायचा,
दात सालीतून आत जातात, तांब्याला भिडतात,
कट्.

"झालं?" इसोगाईसान म्हणाले.
"सोलायचं नाही? पीळ नाही? स्क्रू?"
नाही, म्हटलं.
ते अंगठ्याकडं बघत राहिले,
जिथं साली काढून काढून
नखाच्या कडेला चर पडला होता.

मी समजावलं:
पॅनेलमध्ये बसलेला मास्तर
डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा तरी हजेरी घेतो.
एक? हजर, डबा आला.
दोन? हजर, डबा नाही.
तीन? हजर, झाकण तिरकं.
ज्यानं त्यानं आपल्याच आकड्याला ओ द्यायची,
एका आकड्याचे दोघं निघाले
की सगळ्या वर्गाचा गोंधळ.

"म्हणजे सगळ्यांना मिळून एकच वाट.
आणि वाट तुटली तर?"
तुटल्यापासून पुढचे सगळे गप्प.
"पूर्वी एक मुका झाला तर बाकीचे बोलायचे,"
एवढंच म्हणून ते शिडीवर चढले.

वरून जुड्या पडत राहिल्या.
तारेच्या टोकाच्या नळीवरचा नंबर ते वाचत, मग कापत.
"हा हिवाळ्यातला. बघ, चारचं शेपूट थरथरलंय."

तिसऱ्या दिवशी एक तार निघाली बिननंबरी.
नकाशात नाही, यादीत नाही.
मी कात्री लावलीच होती.
"थांब."
आम्ही तिच्या मागं गेलो,
बॉयलरवरून, वजनकाट्याला वळसा घालून,
भिंतीच्या भोकातून थेट उपाहारगृहात:
भाताच्या कुकरवर एक हिरवा दिवा,
आलुबुखारएवढा, तेलकट.

"बोटी उशिरा यायच्या. बायका घोटभर चहा टाकून
धावत पट्ट्याशी जायच्या, आणि मासळीचा पत्ता नाही.
पहिला बांगडा पडला की हा पेटायचा.
साहेबांना विचारलं नव्हतं.
युरिए म्हणाली, एवढं कर."

युरिए कोण, मी विचारलं नाही.
त्याच तीन दिवसांत गावात दारोदारी
गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून दिवे लावतात.

तीस पत्ते भरले होते. एक उरला होता.
मी डबी पुढं केली.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बारक्या पेचकसानं दहाची चकती तीनवर आणली,
एककाची एकवर,
आणि पुन्हा एकदा बघितलं, एकवरच आहे ना.

"यादीत नाव काय लिहू?"
"काही नको."
"रिकामं ठेवता येत नाही."
"मग दिवा लिही."

अगदी टोकाला एक रोधक लावायचा असतो.
तो इसोगाईसानांच्या खिशात सापडला, बडीशेपेच्या दाण्यांसारख्या
स्क्रूंच्या गर्दीत.
"हा काय करतो?"
बोलणं इथवर आलं की गिळून टाकतो.
नाहीतर ते टोकाला आपटून मागं फिरतं,
पुढच्याचं बोलणं बिघडवतं.
ते म्हणाले, "असं माणूस घरात असावं,"
आणि लावला.

भंगारवाल्यानं तांबं किलोनं मोजलं.

कारखाना उघडला त्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
मी उपाहारगृहात होते, मुद्दाम.
दिवा पेटला.
कुणी वर बघितलं नाही, सगळ्यांचे डोळे फोनमध्ये.
फक्त कोपऱ्यातल्या कुवाबाराबाई,
वाक्य अर्धंच सोडून,
पेला ठेवून उठल्या,
आणि दाराशी गेल्यावर थबकल्या,
आपण का उठलो ते आठवत.